जड पॉवर सप्लाय

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय निम्मेच चालते, पण डोके ठिकाणावर आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही.

१. दुकान व मागच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या मुलीला मिळाव्यात. सहा वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली. तिला विकायचे असेल तर विकू द्यावे. मेहुण्याने यात नाक खुपसू नये.

२. मेहुण्याला माझा रेडिओ द्यावा. तो बंद आहे. माझ्या लग्नात त्याने भेट दिला तेव्हाही बंदच होता.

३. मल्टिमीटर व सगळे स्क्रूड्रायव्हर समोरच्या चष्मेवाल्याला. पंधरा वर्षे तो "पाच मिनिटांत आणून देतो" म्हणून नेत आला आहे. आता आणून द्यायची कटकट मिटली.

४. बाकावरचा काळा कॉम्प्युटर मुलीचा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ती सतरा वर्षांची असताना कमी पैशांत खेळ चालतील असा कॉम्प्युटर आम्ही जुळवायला घेतला. यादी तिची. प्रोसेसर मध्यम, रॅम पुरेशी, कॅबिनेट साधे, दिव्यांची रोषणाई नको. वाचतील ते सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात. मला खोट काढता येईना. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तेवढा तिला नवा हवा होता. मी दुकानात पडलेला घातला. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांची खोड अशी, की पॉवर सप्लाय हातात तोलायचा आणि जड तो चांगला समजायचा. हा भलताच जड होता.

ती स्वतःचा खेळ रेकॉर्ड करायची. त्यात मागे तिच्या आईचा आवाज यायचा. पुढच्या वर्षी माझी बायको गेली, आणि तिचा आवाज तेवढ्या एका हार्ड डिस्कवर राहिला. तीन महिन्यांनी पॉवर सप्लाय जळाला, त्याने डिस्कही नेली. मी गिऱ्हाइकांसमोर मुलीला म्हणालो, "तुझ्या खेळापायी तुझी आई दुसऱ्यांदा गेली."

"बरोबर आहे तुझं, बाबा," ती म्हणाली. आठवड्याभरात तिने बॅग भरली.

ती गेल्यावर मी पॉवर सप्लायचा डबा उघडला. तळाशी लोखंडाचा तुकडा चिकटवलेला होता, नुसता वजनासाठी. चूक माझी होती, तिची काडीमात्र नव्हती. हे तिला आजवर सांगितलेले नाही. मला लाज वाटली.

५. डिस्कचे फक्त सर्किट गेले होते. तसलेच सर्किट भंगारात शोधायला मला पाच वर्षे लागली. एकच रेकॉर्डिंग धड निघाले. ते याच कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यात मुलगी म्हणते, "बाबा, जळका वास येतोय. पॉवर सप्लाय बदलू या ना." मी म्हणतो, "हातात घेऊन बघ, केवढा जड आहे." मग बायको म्हणते, "अहो, ती सांगतेय तर ऐका ना. तिला कळतं त्यातलं."

माझे वाक्य कापून टाकता आले असते. एकदा कापलेही होते, मग परत जोडले. आई आपल्या बाजूने बोलली होती हे मुलीला कळले पाहिजे. कॉम्प्युटर तिच्या यादीप्रमाणे पुन्हा जुळवला आहे. पॉवर सप्लाय नवा आहे, आणि हलका.

६. सही करण्याआधी चष्मेवाला म्हणाला, "अहो, हे मेल्यावर कशाला? आत्ता फोन करा की." म्हणून हे कलम वाढवले. फोन मी गेल्या आठवड्यात केला होता. ती "हॅलो, कोण?" म्हणाली. आवाज थेट तिच्या आईचा. मी फोन ठेवला.

वरील सर्व मी वाचून, समजून सही करत आहे.

सही: दुकानदार
साक्षीदार: १. वरचे डॉक्टर २. समोरचा चष्मेवाला
ठिकाण: दुकानातले बाक
तारीख: एकोणीस, मंगळवार