मी तोंडच उघडलं नव्हतं

३ मार्च, सोमवार
काल बॅडमिंटनची फायनल हरलो. तिसरा गेम, एकवीस-एकोणीस. मन अगदी शांत आहे. खरा खेळाडू हार पचवतो. सकाळपासून फक्त तिघांशी बोललो नाही.

केवळ नोंद म्हणून: शेवटचं शटल उंच, मागच्या रेषेकडे आलं. मी ‘सोडा!’ म्हणून ओरडलो. माझे पार्टनर म्हणजे आमच्या कारखान्यातले स्टोअरचे काका. त्यांनी रॅकेट खाली घेतली. शटल रेषेच्या चांगलं वीतभर आत पडलं. काका म्हणाले, तू सोडा म्हणालास ना? सगळे बघत होते. मी म्हटलं, छे, मी तोंडच उघडलं नव्हतं.

४ मार्च
संकल्प. रोज दहा मिनिटं ध्यान. हार विसरायची. काकांना खरं सांगायचं. ध्यान दोन मिनिटं झालं. बाकीचं उद्या, एकदम सगळं झेपत नाही.

६ मार्च
कँटीनमध्ये काकांनीच माझी माफी मागितली. ३१ला निवृत्त होतायत. म्हणाले, बावीस वर्षांत मला एकदाही कप नाही, आणि माझ्यामुळे तुझाही गेला. सांगणारच होतो, पण टेबलावर मॅनेजर. शिवाय वडीलधाऱ्या माणसाची माफी नाकारणं बरं दिसत नाही. मोठ्या मनाने म्हटलं, होतं असं, काका. त्यांनी चहा पाजला. घशाखाली उतरेना. साखर कमी असावी.

११ मार्च
काकांनी कान तपासून घेतले. ठणठणीत! चला, एक काळजी मिटली.

संध्याकाळी बाजूला घेऊन म्हणाले, कान चांगले, मग आवाज आला कुठून? थोरल्या भावाला याच वयात नसलेले आवाज यायला लागले होते. शेवटी शेवटी पोरांनाही ओळखेना. कोणाकडे बोलू नकोस, म्हणाले. नाही बोललो. दिलेला शब्द मी पाळतो.

१४ मार्च
बायकोला सगळं सांगितलं, एका मित्राची गोष्ट म्हणून. ती म्हणाली, तुझा मित्र नालायक आहे. तिला खेळातलं मानसिक दडपण कळत नाही. म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करायला सांग त्याला. सांगतो म्हटलं.

२० मार्च
काका स्टोअरला कुलूप लावतात, चार पावलं जातात, परत येऊन ओढून बघतात. आज तीनदा. खेळायला येणं बंदच. रॅकेट भाच्याला देऊन टाकली. मला लाज वाटते. साफ लिहितो, लाज वाटते. सोमवारी नक्की. उद्या ते रजेवर आहेत, नाहीतर उद्याच.

२४ मार्च, सोमवार
गेलो. एकटेच होते. याहून चांगली वेळ नव्हती. विचारलं, पॅकिंगची टेप आहे का? सहा रोल घेऊन आलो.

नवा निर्णय: निरोप समारंभात, सगळ्यांसमोर कबुली. एवढी मोठी गोष्ट कोपऱ्यात उरकणं काकांचाच अपमान. भाषण तयार, चार पानं. साडेतीन माझ्या मनातल्या संघर्षावर.

३१ मार्च
माझं भाषण चहानंतर होतं. चहाआधी वर्कशॉपच्या पोरांनी पडद्यावर फायनलचं रेकॉर्डिंग लावलं, काकांना आठवण म्हणून. शेवटचा पॉइंट आला आणि माझा आवाज अख्ख्या कँटीनमध्ये घुमला. सोडा!

कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या बशीत बघायला लागले. काका उठून माझ्याकडे आले. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

पण त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि चेहरा हसरा. परत लावा रे, म्हणाले. परत ऐकलं. मग माझे खांदे गदागदा हलवून म्हणाले, ऐकलंस ना, खरंच ओरडला होतास तू, मला भास नव्हता झाला! तिथूनच काकूंना फोन लावला. अगं, मी चांगला आहे, मला काही झालेलं नाही. काकूंचं रडणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. महिनाभर त्या त्यांना एकट्याने रस्ता ओलांडू देत नव्हत्या म्हणे.

फोन ठेवून मलाच थँक्यू म्हणाले. भाषण केलं नाही. एका वाक्याचं काम होतं. तेही शेवटी मशीननेच केलं.