शांततेत पहिला नंबर

५ ऑगस्ट
मनःशांतीचं अ‍ॅप फुकट आहे, असं आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला ते केवढ्याला पडलं ते असं: माझ्या फोनवर चालेना, म्हणून मूल गावी घरी जाऊन बायकोचा, रंजीताचा, मोठा फोन उचलून आणला, तिच्या हाती माझा बटनांचा दिला. वरून तिला कबूल करावं लागलं की दिवाळीच्या आत बदली घेऊन येतो.
स्टाफचा ताण उतरावा म्हणून वरून आलंय. रोज श्वास मोजायचा, मग कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं. अ‍ॅप नाडी बघतं आणि शांततेचे गुण देतं.

९ ऑगस्ट
मीटिंगमध्ये गुण वाचले. माझ्यासारखेच ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, गुणवंतराव पहिले आले, मी शेवटचा. गुणवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, भैयाजी तं इंजेक्शनबी भांडल्यासारखं देते, पेशंट बिमारी सोडून पळते. मॅडमसुद्धा हसल्या.
सूड घ्यायचा. पण शांतपणे.

१० ऑगस्ट, सकाळी
अ‍ॅपमधली बाई म्हणते, नदीकाठी बसल्याची कल्पना करा. केली. वैनगंगा, फुल्ल पूर, मधोमध गुणवंतराव. फार बरं वाटलं. गुण मात्र घसरले.

१३ ऑगस्ट
बाई म्हणते, ज्याचा राग आहे त्याला माफ करा. पुढे ढकलायचं बटन आहे. दाबलं.

१७ ऑगस्ट
माझे कान ही देवाची देणगी. बाजूच्या वॉर्डातलं सलाईन संपलं तरी मला इथं कळतं. आज भिंतीपलीकडून मॅडम गुणवंतरावांना सांगत होत्या, मूलला ब्रदरची एकच जागा आहे, अर्ज तुम्हा दोघांचे, अ‍ॅपचे गुण पाहूनच नाव पाठवीन.
एवढं ऐकलं आणि निघालो. वॉर्डबॉय म्हणून लागलो, नाईट करून करून शिकलो, ब्रदर झालो. मला अर्धं बोलणं पुरतं. मूलला मी जाणार. गुणवंतराव इथंच डास मारत बसणार.

१९ ऑगस्ट
उपाय सापडला. चार नंबरच्या बेडवर दसरूभाऊ आहे. जंगलात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढताना बांबूच्या बेटात घसरला, पाय प्लास्टरमध्ये. पण मानूस सागाच्या खोडासारखा निवांत. त्याचंच बोट लावलं.
हे का तपासून राह्यले भाऊ, म्हणाला. म्हटलं, मन. मन बोटात रायते का, म्हणाला आणि घोरायला लागला.
गुण एकदम वर! उद्यापासून रोज राऊंडच्या वेळी.

२४ ऑगस्ट
गुणवंतराव खचले. बोट ठेवायच्या आधी जिना धावत चढतात, धावत उतरतात, धापा टाकतात. त्यांचे गुण तळाला. सिस्टर आशाबाई म्हणाल्या, भैयाजी, तो मानूस मुद्दाम करून राह्यला, जरा डोकं लावा. म्हटलं बाई, हरलेला मानूस असाच करते.

३० ऑगस्ट
टपरीवर गुणवंतरावांनी स्वतः चहा पाजला. बिस्किटंही. म्हणाले, तुमच्यासारखा थंडा मानूस आख्ख्या जिल्ह्यात नाई, असेच राहा. म्हणजे शरण आले. माफ केलं नाही. बिस्किटं खाल्ली.

८ सप्टेंबर, दुपारी
माझा पहिला नंबर. शाल, नारळ, टाळ्या. सगळ्यात जोरात टाळ्या गुणवंतरावांच्या.
मग मॅडम म्हणाल्या, ज्याच्यावर ताण जास्त त्यालाच मूलची बदली द्यायची, असं वरून ठरलंय. गुणवंतरावांची हालत सगळे पाहतच आहेत. भैयाजींना तर काही ताणच नाही, तेव्हा रात्रपाळी कायमची त्यांच्याकडे.
आशाबाईंनी रात्रपाळीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

१० सप्टेंबर
दसरूभाऊला सुट्टी झाली. जाताना म्हणाला, भाऊ, माह्यं मन बरं हाय ना? म्हटलं, तुझं बरं आहे.

१५ सप्टेंबर
रंजीताचा फोन. मी काही येत नाही म्हटल्यावर तिनं वरची खोली भाड्यानं दिली. दवाखान्यातले नवीन ब्रदर आहेत म्हणे, फार शांत मानूस.
आमच्या मूलच्या घरी आता गुणवंतराव राहतात.