रिपोर्टवरची तारीख

कर्वेनगर, पुणे
१२ जून १९८३

ती. सरूताईस,
संपतचा सा. न. वि. वि.

सगळे खुशाल आहे असे लिहायला बसलो होतो, पण ते खोटे होईल. लग्नाला नऊ वर्षे झाली, घरात मूल नाही. आता आईने खराडीच्या दत्तोबांची मुलगी माझ्यासाठी हेरली आहे. हेमाला सोडचिठ्ठी दे म्हणते. तिच्या देखतच म्हणते की, माझा संपत मॅट्रिकला पहिला, इंजिनीअर, एवढा पगार, त्याच्यात कसली खोट असणार! दत्तोबाही पगार ऐकून तयार झाले आहेत.

ताई, खोट माझ्यातच आहे. मी गुपचूप तपासून घेतले. मूल होण्याची आशा नाही. इतकी चांगली तब्येत, इतके शिक्षण, तरी असे कसे, असे मी डॉक्टरांना विचारले. याचा अकलेशी आणि पगाराशी संबंध नसतो, असे ते म्हणाले. रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे. हेमाला सांगायला धीर होत नाही. काय करू?

तुझा,
संपत

सासवड
१६ जून १९८३

चि. संपतास,
अनेक आशीर्वाद.

एवढा हुशार तू, आणि हे मला विचारतोस? तुझे दाजी सातवी नापास, सायकली दुरुस्त करतात, आम्हाला चार पोरं. म्हणून ते तुझ्याहून मोठे झाले नाहीत आणि तूही लहान झाला नाहीस. पण गप्प राहिलास तर होशील. पत्र वाचलेस की ऊठ आणि हेमाला सांग. नाहीतर मी येते.

तुझी काळजी करणारी,
सरूताई

कर्वेनगर, पुणे
२३ जून १९८३

ती. सरूताईस,
सा. न. वि. वि.

सांगितले. ती रडली नाही. रिपोर्टवर तारीख कोणती, एवढेच तिने विचारले. फेब्रुवारी, म्हणालो. एप्रिलमध्ये मूल राहावे म्हणून तिला भूल देऊन गर्भपिशवी साफ केली होती. कागदावर सही माझी होती. ती उठली, पिशवीत दोन साड्या भरल्या आणि बिबवेवाडीला माहेरी गेली.

आईला सांगितले, तर म्हणाली, बाहेर बोलू नकोस, दोष तिच्यावरच राहू दे. मी आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलो. तसाच खराडीला गेलो आणि दत्तोबांना ओसरीवर, चार माणसांत, खरे काय ते सांगितले. कोणी पाणीसुद्धा विचारले नाही. हेमा परत येईल का गं?

तुझा,
संपत

बिबवेवाडी, पुणे
१० जुलै १९८३

ती. सरूताईंस,
हेमाचा सा. न. वि. वि.

परवा हे आले होते. सासूबाईंना घेऊन आले. सासूबाई माझ्याकडे न बघता बसून राहिल्या. जाताना मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवला. येते असे मी म्हटले नाही, येणार नाही असेही नाही. यांनी खराडीत सगळ्यांसमोर सांगितले, हे ऐकून बरे वाटले. पण ते चार महिने डोक्यातून जात नाहीत. मूल नाही म्हणून मी त्यांना टाकणार नाही, एवढे त्यांना कळवा. बाकीचे मला अजून ठरवता येत नाही.

ताई, तुम्हाला म्हणून लिहिते. काल पाळी आली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी रडले नाही.

तुमची माया अशीच पाठीशी राहो.

तुमची,
हेमा