पंचांगाचा आडोसा

मंगळवार, माघ महिना. संध्याकाळ.

वैदेहीच्या संमतीपत्रावर आज सही करायची होती. साथ सरलेली नाही, तरी कॉलेज उघडतंय; मुलीला आपल्या जबाबदारीवर नागपूरच्या वसतिगृहात धाडतो, एवढं लिहून द्यायचं. आणि मी, जन्मभर गल्लीला पंचांगावरून चिडवणारा, तेच उघडून बसलो! दिशाशूळ पाहिला: मंगळ-बुध उत्तरेला जाऊ नये, सोम-शनि पूर्वेला. नागपूर नेमकं ईशान्येला. गुरुवारी तर मृत्युयोगच दिसला. दिसला, की मी शोधला?

वैदेही म्हणाली, "बाबा, माह्या दहावीच्या वेळी तं तुमीच म्हणत होते, दिशाशूळ एसटीच्या डायवरले कळत नाही!"

"तेव्हा कोरोना नव्हता."

"मग कोरोनाले भेतो म्हणा ना. पंचांगामागे कायले लपता?"

बायको हसली आणि लगेच आत गेली. तिलाही माझ्यासारखंच लपायचं होतं.

भीती खरीच आहे. पण अकरा महिने रोज तीन ताटं मांडायची सवय लागली, तीही खरी. त्या सवयीवर कोणतं पंचांग?

शेवटी सही केली. शुक्रवार ठरला. वैदेहीनं पंचांग मिटलं. "आता परत यायले कोणता दिवस चांगला, ते सांगा."

न उघडताच म्हणालो, "कोणताही."