वास थांबला तर

दि. १४ मार्च

वहिनी, नमस्कार.

खुशाली विचारायचं धाडस होत नाही, तरी विचारतो. गुडघा कसा आहे? लेकीचे पेपर संपले का? इकडे प्लांट चालू आहे. शहर काही सांडपाणी सोडायचं थांबत नाही. तीन नंबरचा पंप पुन्हा कुरकुरतोय. तुमच्या पहिलवानाच्या लॉकरला अजून कुणी हात लावलेला नाही. वाऱ्याने उडेल अशा माणसाला आम्ही पहिलवान म्हणायचो आणि तोही दंड फुगवून दाखवायचा.

तुमचं पत्र मिळालं. उत्तम ऑपरेटर म्हणून त्याचा मरणोत्तर सन्मान होणार आणि लेक यायला तयार नाही. ती म्हणते, "बाबांकडे सर्टिफिकेट होतं, सगळं शिकवलं होतं, तरी आतला गॅस मीटरने न तपासता टाकीत उतरले. आमचा विचारसुद्धा केला नाही. कसला सन्मान?" तुम्ही लिहिलंय, भावोजी, तुम्ही समजवा, तुमचं ती ऐकते.

हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. चौकशी अहवालातही तेच आहे: प्रमाणित ऑपरेटर, स्वतःचा हलगर्जीपणा. त्या सर्टिफिकेटवर परीक्षक म्हणून सही माझी आहे. तेव्हा तुम्ही माझे किती आभार मानले होते!

वहिनी, आता आडपडदा नको.

तो आधी दोनदा नापास झाला होता. वीस वर्षं प्लांट चालवलेला माणूस, पण कागद समोर आला की घाम फुटायचा. तिसऱ्या खेपेला लेखी कशीबशी निघाली. प्रात्यक्षिकाला मीटरची बॅटरी संपलेली निघाली. परीक्षा पुढे ढकलायला हवी होती. मी म्हटलं, "चालू आहे असं समज आणि करून दाखव." त्याने मेलेला मीटर दोरीने टाकीत सोडला, वर काढला, ऐटीत पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हवा ठणठणीत! आणि खरं सांगू का, माझं नाक यापेक्षा पक्कं आहे."

सगळे हसले. मीही हसलो आणि कागदावर पासची खूण केली.

तिथेच मी विचारायला हवं होतं, वास थांबला तर काय करशील? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. सांडपाण्यातला विषारी गॅस आधी सडक्या अंड्यासारखा घाणतो आणि वाढला की नाकच मारून टाकतो. वास गेला म्हणजे हवा सुधारली नाही, बिघडली. पण त्याला उत्तर येणार नाही असं मला वाटलं. तो पुन्हा नापास होईल, पुन्हा मान खाली घालून घरी जाईल, याची मला भीती वाटली. म्हणून मी विचारलंच नाही. मैत्री निभावली असं वाटून त्या दिवशी मी खुशीत होतो.

अपघाताच्या दुपारी टाकीवर उभ्या असलेल्या फिटरने मला सांगितलं, झाकण उघडून तो बराच वेळ थांबला होता. घाई केली नाही. मग म्हणाला, "वास गेला बघ, आता उतरतो."

लेकीला हे सांगा. बाबांनी तुमचा विचार केला होता, म्हणूनच ते थांबले होते. शिकवलेलं त्यांनी बेफिकिरीने मोडलं नाही. वास जाणं हाच धोका, हे त्यांना माहीतच नव्हतं आणि मी ते माहीत आहे असं लिहून दिलं. तिला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवू दे, हवं तेवढं. बापावर नको. तो बिचारा सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी ते छातीशी धरून बसमधून उभ्याने घरी गेला होता, घडी पडू नये म्हणून.

हे सगळं काल ऑफिसला लेखी दिलं. अहवाल बदलायला लागेल. माझा परीक्षकाचा शिक्का काढून घेतील, घेऊ देत. समारंभाला मी येणार नाही. तुमच्यासमोर उभं राहायला तोंड नाही. पण तुम्ही दोघी जा, वहिनी. पहिल्या रांगेत बसा.

आजवर मला भावोजी म्हणत आलात. पुढे काय म्हणायचं ते हे वाचून ठरवा.

त्याला पास करणारा