सॉनाचं दार

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून मन शांत ठेवायचं. निर्णय पक्का.
पुढे गैरसमज नको म्हणून कारण लिहून ठेवतो. मी लिफ्ट मेकॅनिक. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये काम करताना वीज गेली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. मिट्ट काळोख. माझा जोडीदार जाड्या (अंगाने काडी आहे) वरून दार उघडेपर्यंत मी ओरडत होतो, असं तो सगळ्यांना सांगत फिरतो. मी सूचना देत होतो.
तेव्हापासून कुठलंही दार बंद झालं की छातीत धडधडतं. ही भीती नव्हे, हा स्ट्रेस. मासिकात वाचलं, सॉनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, बसलं की अंग सैल पडतं, मनावरचा ताण उतरतो, झोप गाढ लागते. क्लबात सॉना आहे. महिनाअखेर नवा माणूस!

४ नोव्हेंबर
आज जाड्याला म्हटलं, लिफ्टच्या केबिनमध्ये तू बस, मी मशीन रूम बघतो. मशीन रूम गच्चीवर. जिन्याने गेलो. व्यायामही झाला.
जाड्या म्हणाला, "हल्ली तू केबिनमध्ये पाऊलच टाकत नाहीस."
सीनियर माणसाने वरूनच लक्ष ठेवायचं असतं, असं समजावलं.

६ नोव्हेंबर
सॉना पाहिला. लाकडी खोली, दोन बाकं, कोपऱ्यात तापलेले दगड. खिडकी नाही. दाराला वहीएवढी काच.
तिथला अटेंडंट म्हणाला, "या काका, आत या."
म्हटलं, पहिल्या दिवशी फक्त निरीक्षण. बिजागऱ्या तपासल्या. दार बाहेर उघडतं, कडी नाही. लाकूड फुगून दार घट्ट बसलं तर काय, असं विचारलं. तो म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे लोक किती बेफिकीर!
शॉवर घेऊन परत आलो. बराच फरक वाटतोय.

७ नोव्हेंबर
हिने विचारलं, कसा होता सॉना. म्हटलं, अप्रतिम.
मग विचारलं, "आणि आंघोळीला दार उघडं ठेवून मोठमोठ्याने गाणी का म्हणता?"
हवा खेळती राहावी म्हणून. आणि गाणी, घसा मोकळा राहावा म्हणून.

१० नोव्हेंबर
आज आत गेलो! एक पाय आत, एक बाहेर, मध्ये दार. आत टॉवेल गुंडाळून एक रिटायर्ड मास्तर बसले होते. पाच मिनिटं त्यांनी माझ्या बाहेरच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अहो, एक काय ते ठरवा. सगळी ऊब चाललीय."
दार ओढून घ्यायला हात पुढे केला. त्याच हाताने कडी नाही ना, हे पुन्हा तपासलं. बाहेर आलो.
तरी डावी बाजू पुष्कळ रिलॅक्स झाली आहे.

१३ नोव्हेंबर
साहेबांनी बोलावलं. सोमवारी त्याच हॉस्पिटलच्या लिफ्टची तपासणी. जाड्या रजेवर, तेव्हा केबिनमध्ये बसून तळापासून वरपर्यंत मीच जायचं.
"जमेल ना?" असं त्यांनी विचारलं. मी हसलो. म्हटलं, हातचा मळ आहे.
नंतर वॉशरूममध्ये तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. आरशात कुणीतरी पांढराफटक माणूस दिसत होता. त्या लिफ्टमधून स्ट्रेचर जातात. मी तपासलंच नाही तर? आणि आत गेलो, दार लागलं, आणि पुन्हा वीज गेली तर?
उद्यापासून सॉना जोरात.

१४ नोव्हेंबर
पोट बिघडलं. सॉना उद्या.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी
विजय! विजय!
हीसुद्धा आली होती. बायकांचा सॉना शेजारीच, मध्ये फक्त एक भिंत. ती गेली तिकडे, मी इकडे. आत कुणी नव्हतं. दार ओढलं. लागलं.
छाती भात्यासारखी. भिंती जवळ येताहेत असं वाटलं. डोळे मिटले तर काळोख, उघडले तर लाकूड. घामाच्या धारा लागल्या, टॉवेल भिजून चिंब झाला, दातांवर दात आपटत होते. पण बसलो. पूर्ण वेळ बसलो!
बाहेर आलो तेव्हा पाय लटपटत होते. यालाच रिलॅक्सेशन म्हणत असावेत. शरीरातला सगळा ताण घामावाटे गेला. साहेबांना ताबडतोब कळवलं, सोमवारी तयार आहे.

त्याच दिवशी, जेवणानंतर
राहिलेलं लिहितो.
अटेंडंट धावत आला होता. "काका, तुम्ही आत काय करत होता? हीटर सकाळपासून बंद आहे. दारावरची पाटी पडली वाटतं."
मी निथळत उभा. त्याने आत हात घालून पाहिला. गारच होतं.
ही बाकावर बसली होती. गाल लाल, चेहरा लहान मुलीसारखा मोकळा. तिने सगळं ऐकलं. हसली नाही.
घरी येताना मीच म्हणालो, "मला भीती वाटते."
हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला. रस्त्यात, कोपऱ्यावर.
ती म्हणाली, "मग एकटे कशाला बसलात? मी पलीकडेच होते. भिंत वाजवायचीत."

१७ नोव्हेंबर, सोमवार
ही हॉस्पिटलपर्यंत सोबत आली. लिफ्टचं दार उघडलं. दोघं आत गेलो. दार लागलं. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. पहिल्या मजल्यावर बाहेर पडलो आणि तिथेच जमिनीवर बसलो. नर्सने पाणी दिलं.
साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. तपासणीला दुसरा माणूस आला.

१८ नोव्हेंबर
हिने क्लबात स्वतःचं नाव घातलं. म्हणते, कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. मासिकातलं खोटं नव्हतं तर.
साहेब चांगले वागले. म्हणाले, डॉक्टरांना भेट, बरं वाटेपर्यंत लिफ्टकडे फिरकू नकोस, तोवर स्टोअर सांभाळ. डोळ्यांत पाणी आलं.
दुपारी चार्ज घ्यायला गेलो.
स्टोअर तळघरात आहे. खिडकी नाही. दार आपोआप लागतं.