तिसऱ्या दिवसाच्या गव्हाचा वास

७ मार्च २०१६, सोमवार

ह्यांच्या शर्टाला परत तोच वास. धुवायला टाकण्याआधी दोनदा हुंगला. घाम नाही, अत्तर नाही. कुरडयांचे गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर येतो ना, तो. आंबूस, गोडसर. आमचे गहू अजून डब्यात आहेत. मग हे कुणाच्या घरचे गहू हुंगून येतात?

विचारलं. "वाचनालयात होतो." वाचनालयात गहू कोण भिजत घालतं!

९ मार्च, बुध.

सकाळी साडेआठला बाहेर, तीनला घरी. कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं, तेव्हापासून नऊच्या आत अंथरूण न सोडणारा माणूस. आणि आता सोम-बुध-शुक्र आंघोळ करून, भांग पाडून तयार.

जेवायला बसले तेव्हा पायांकडे लक्ष गेलं. दोन्ही पोटऱ्यांवर, गुडघ्याच्या जरा खाली, लाल गोल वळ. म्हणे मोजे घट्ट आहेत. मोजे घोट्यापर्यंतचे आहेत, मीच आणलेत.

पाणी कुठेतरी मुरतंय.

११ मार्च, शुक्र.

आज उजव्या हातावर भाजल्याचा फोड. "चहा सांडला." वाचनालयात चहा मिळतो हे आज कळलं. कोरफड लावून दिली. लावताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रेवाला पुण्याला फोन केला. पोरगी हसतच सुटली. "आई, बाबांना अफेअर झेपेल का गं?" कार्टी! मी नाही हसले.

माझी खरी भीती तिला सांगितली नाही. इथे लिहिते. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, पिऊन यायचे. दारातच आई तोंडाजवळ जाऊन वास घ्यायची आणि आम्ही तिघी बहिणी आईच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या. पुढची संध्याकाळ कशी जाणार ते तिथे ठरायचं. नंतर भाऊ हुशार झाले, बडीशेप चघळत यायला लागले. मग आम्ही बडीशेपेचा वास आला की दप्तरं उचलून शेजारी. अजून माझ्या घरात बडीशेप नाही, लोणच्याच्या मसाल्यातसुद्धा नाही.

लग्न ठरताना ह्यांना एकच अट घातली होती. थेंबसुद्धा नाही, घरात नाही, बाहेर नाही. ज्या दिवशी मोडाल त्या दिवशी मी बॅग भरून निघाले. सत्तावीस वर्षं पाळली आहे. पाळली आहे असं मी धरून चालले आहे.

शर्टाचा वास दारूचा नाही, तो मला झोपेतही कळेल. पण खोटं बोलायची सुरुवात भाऊंनीही अशीच, कुठे होतो इथपासून केली होती.

१४ मार्च, सोम.

दिवसभर डोक्यात गहू. संशय शेवटी सुकापूरच्या शालन म्हात्रेवर येऊन बसला. पापड-कुरडयांचा घरगुती धंदा. नवरा नाही, हसतमुख, हाताला चव. दिवाळीत भाजणी आणायला हेच गेले होते तिच्याकडे. दोन तास लागले होते! तेव्हा मी मूर्खासारखी गर्दी असेल म्हटलं.

परवा हे बाहेर पडले की मीही निघणार. कारण काय सांगायचं? पापड. घरात दोन डबे पडलेत, तरी पापड.

१६ मार्च, बुध.

गेले. रिक्षातून उतरले आणि अंगणातच तो वास. तोच! गोठ्याशेजारी निळं पिंप, त्यात ओला भुसा, वर माश्या. हे कुठे दिसेनात. दारात चपला फक्त बायकांच्या.

शालन पदर खोचत बाहेर आली. "या ताई, बसा." मी पिंपाकडे बोट दाखवलं. एवढ्या कुरडया कुणाच्या?

"कुरडया नाय ओ. म्हशीला चोथा हाय तो. पळस्प्याला तो नवीन बियरवाला नाय का, थितं जव उकडतात नि चोथा टाकून देतात. मी टेंपो धाडते. म्हस लय आवडीनं खाते." आणि मग, चहा ओतता ओतता, "तुमचे साहेबच तर भरून देतात. गमबूट घालून. तुमाला ठावं नाय?"

ठाऊक आहे म्हटलं. चहा तोंड भाजेपर्यंत गरम होता, तरी पिऊन टाकला. पापड घ्यायचे विसरले.

शालनची मनातल्या मनात माफी मागितली. पण ती बरी होती असं वाटलं. बाई परवडली असती. हे तर थेट दारूच्या टाकीत.

१८ मार्च, शुक्र.

रेवा काल रजा टाकून आली. ह्यांना वाटलं आईच्या हातचं खायला. आज साडेअकराला आम्ही दोघी पळस्प्याला. हायवेलगत पत्र्याची मोठी शेड, आत पिवळे दिवे, भर दुपारी. आयुष्यात अशा जागी पहिल्यांदा पाय ठेवला.

रेवाने स्वतःसाठी बिअर मागवली, इथेच बनवलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "चालेल ना?" म्हटलं, तुझ्याकडून मी शपथ घेतलेली नाही. मला कोकम सरबत. बोंबील, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. बिरडं चांगलं होतं हे मान्य करायला लागेल. वाल नीट सोललेले. बाकी जागेबद्दल माझं मत बदललेलं नाही.

समोर काच. काचेपलीकडे उंच स्टीलच्या टाक्या, वाफ, आणि वाफेत हे. पांढरी टोपी, गमबूट. नळाखाली छोटा ग्लास धरला. प्रकाशात बघितला, हुंगला, तोंडात घेतला. गाल हलवले. मग शेजारच्या मगात थुंकले. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकले. वहीत काहीतरी लिहिलं.

आणि चेहरा! दीड वर्षात असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला राग आला त्याचा. घरी का नाही असा?

मग त्यांनी वर पाहिलं. मी हात हलवला नाही. त्यांनीही नाही.

बिलाबरोबर वाटीत बडीशेप-खडीसाखर आली. मी वाटी टेबलाच्या पार टोकाला सरकवली. रेवाने मूठभर तोंडात टाकली.

१९ मार्च, शनि.

रेवा सकाळी गेली. मग बोलणं.

"तुला सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

नाही.

"म्हणून नाही सांगितलं." आणि थांबून, "कंपनीत एकतीस वर्षं टाक्या आंबवल्या. तिकडे औषध निघायचं म्हणून चालत होतं. इकडेही टाकीच आहे. तेच तापमान, तीच स्वच्छता. मला दुसरं काय येतं गं?"

पिता का, विचारलं.

"घोटभरही गिळत नाही. तू पाहिलंस."

पाहिलं. एक दिवस पाहिलं. आणि त्यांना माहीत नसताना पाहिलं, ते खरं. पण आता त्यांना माहीत आहे.

जायचं की नाही ते मी अजून सांगितलेलं नाही. ते म्हणाले, तू सांगशील तसं.

२१ मार्च, सोम.

गेले नाहीत. दिवसभर बाल्कनीत पेपर, तोच पेपर. ते बघवेना. संध्याकाळी म्हटलं, बुधवारी जा. गहू काढून भिजत घातले.

२३ मार्च, बुध.

जायच्या आधी स्वयंपाकघरात आले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा गव्हाचं पातेलं उघडून बघितलं, नाक खुपसलं. "आज संध्याकाळीच वाट. उद्यापर्यंत ठेवलेस तर चीक आंबेल, उकाडा वाढलाय." माझ्या आईने, सासूने जे अंदाजाने केलं ते ह्यांनी थर्मामीटर घातल्यासारखं सांगितलं. हसू आलं. संध्याकाळी गहू वाटून, गाळून दिले त्यांनीच. चोथा शालनच्या म्हशीला ठेवला.

गरम चीक साखर घालून दोघांनी वाटीतून खाल्ला. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२८ मार्च, सोम.

घरभर गव्हाचा वास भरलाय. कुरडया गच्चीवर, पातेली धुतली तरी वास जात नाही. त्यामुळे शर्ट हुंगून आता काही कळत नाही.

तीनला बेल वाजली. दार उघडलं आणि काय झालं मला, वाटेत उभी राहिले. आई उभी राहायची तशी. तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं. सत्तावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. लाज वाटली, पण मागे सरले नाही. तेही सरले नाहीत. डॉक्टरसमोर उघडावं तसं तोंड उघडून उभे राहिले.

गहू. जव. आणि त्याखाली बडीशेप.

"तिथे काउंटरवर वाटी असते," म्हणाले.

मी अजून काही विचारलंच नव्हतं.